कारण : बेटर अपॉर्च्युनिटी

गरोदर बाईचे लाड करण्यात मराठी माणूस कुणाला हार जाणार नाही. फक्त तो सातव्या महिन्यापर्यंत थांबतो. सातवा लागला की झोपाळा येतो, झोपाळ्याला झेंडूच्या माळा येतात, बाईच्या अंगावर फुलांचे दागिने चढतात आणि हातात पुठ्ठ्याचा धनुष्यबाण दिला जातो. (धड वाकताही न येणाऱ्या बाईने त्या अवस्थेत शिकार कुणाची करायची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.) लोकलमध्ये बसायला जागा मिळते. रिक्षावाला खड्डा बघून ब्रेक मारतो, आणि भिवंडीच्या रिक्षावाल्याने खड्डा बघून ब्रेक मारणं ही एकवीस तोफांच्या सलामीच्या तोडीची गोष्ट आहे. सरकारही मागे नाही. कायद्याने मिळणाऱ्या २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेतले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात, म्हणजे साधारण सातवा सरता सरता. समाज, रेल्वे आणि संसद या तिघांचं निदान एका बाबतीत एकमत आहे : पोट दिसत नाही तोवर बाई गरोदर नाही.

पोटातल्याला हे वेळापत्रक कुणी दाखवलेलं नसतं. मळमळ सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्या-दहाव्याला ऐन भरात येते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यात थांबते. दहातल्या सात-आठ जणींना ती कमीअधिक होतेच. म्हणजे बाई भिंत धरून चालत असते तेव्हा दिसायला ठणठणीत असते. पुढे ती खरोखरच ठणठणीत होते, लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसते, तेव्हा सगळे तिला "उठू नकोस, उठू नकोस" करत धावतात.

त्यात पुन्हा पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही. दृष्ट लागते. या नियमामागे शहाणपण आहे हे मी मान्य करते. गर्भ टिकायचा नसला तर तो बहुतेक वेळा पहिल्या बारा आठवड्यांतच जातो, आणि ज्या दारांत पेढे दिले त्याच दारांत पुन्हा तोंड घेऊन जाणं कुणालाच नको असतं. पण नियम पाळतं कोण? मी फक्त नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने फक्त आईंना सांगितलं. आईंनी फक्त डोंबिवलीच्या आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाईंनी मात्र कुणालाही काही सांगितलं नाही. त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक गुटगुटीत बाळकृष्ण टाकला आणि खाली लिहिलं, "समझनेवाले को इशारा". बघता बघता कामतघर ते कराड सगळ्यांना कळलं. कळलं नव्हतं ते फक्त एका ठिकाणी, जिथे कळल्याचा मला काही उपयोग झाला असता. माझ्या नोकरीच्या.

आमचं कामतघर. "भिवंडीत कुठे?" असं कुणी विचारलं की आम्ही अंजूरफाटा सांगतो, कारण तेवढंच लोकांना माहीत असतं. एका अंगाला वऱ्हाळा तलाव, त्याच्या काठावर वऱ्हाळादेवी, आणि बाकीच्या अंगांना यंत्रमाग. मागांचा खडखडाट आम्हाला ऐकू येत नाही. वीज गेली आणि तो थांबला की मात्र सगळी बिल्डिंग दचकून गॅलरीत येते. वासांचंही तसंच. जन्मभर जे नाकाला जाणवलं नव्हतं, ते त्या महिन्यांत एकेक करून स्वतःची ओळख करून द्यायला लागलं. सायझिंगमधून येणारा सुताच्या खळीचा वास. तिथल्या बॉयलरचा धूर. डाइंगच्या नाल्याचा वास, तो दर दिवशी वेगळ्या रंगाचा. कोपऱ्यावरच्या बिर्याणीच्या हंडीचा, वडापावच्या तेलाचा, आणि दुसऱ्या मजल्यावर जवळा भाजला जातोय याचा. तो जवळा भाजायला घेतलाय हे मला तव्यावर पडायच्या आधी कळायचं. नवऱ्याने दुपारी ठाण्याला मिसळ खाल्ली की थाळी, हे मी संध्याकाळी दारातच सांगायचे. पोलीस खात्यातल्या श्वानपथकाला इतकं सुचत नसेल, आणि त्यांना निदान बिस्किट तरी पचतं.

अशा नाकाची बाई कामाला कुठे असावी? तर गोदामात, परत आलेला माल उघडण्याच्या खात्यात.

भिवंडीत गोदामं का, याचं उत्तर सोपं आहे. मुंबईत शिरताना जकात लागायची, म्हणून माल वेशीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. त्यासाठी राहनाळ, पूर्णा, काल्हेर, माणकोली अशा गावांच्या भातखाचरांत पत्र्याच्या छपरांचं पीक आलं. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली. गोदामं गेली तर नाहीतच, उलट दिसामासांनी वाढली, कारण तोवर सगळ्या मुंबईला बसल्या जागी खरेदीची सवय लागली होती. खरेदी वाढली की परती वाढते. ती परती माझ्या टेबलावर यायची.

लोक काय काय परत करतात! एका हळदीला आणि दोन वरातींना घालून झालेले बूट, "साइज बसत नाही" म्हणून. अर्ध्यावर आणलेला प्रोटीन पावडरचा डबा, "चव आवडली नाही" म्हणून. नेसून, मिरवून, पदराला बटाट्याच्या भाजीचा डाग पाडून आलेली पैठणी, "रंग फोटोपेक्षा वेगळा". झाकण सैल झालेला हिंगाचा डबा. फुटलेली अत्तराची बाटली, आणि त्याच खोक्यात अत्तराने न्हालेली कुत्र्याची बिस्किटं. मी खोकं उघडायचं, वस्तू बघायची, हुंगायची (होय, तसं लिहिलेलं होतं, "वापराचा वास तपासा" हा आमच्या तपासणीचा एक टप्पाच होता) आणि स्कॅनरवर परतीचा रीझन कोड टाकायचा. एक म्हणजे साइज, दोन म्हणजे रंग, तीन म्हणजे तुटफूट, असं करत करत शेवटी "इतर". जगात कुठलीही वस्तू का नकोशी झाली, याचं कारण आमच्याकडे आकड्यात मिळायचं.

हे सगळं उभ्याने. खुर्ची होती, पण ती ऑडिटला साहेब आले की त्यांच्यासाठी. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांत दिवसभर उभं राहणाऱ्यांना बसायची सोय द्यावी असा कायदा केला, हे मला नंतर वाचनात आलं. आपल्याकडे एवढे पुरोगामी थोर पुरुष होऊन गेले, त्यांच्या पुतळ्यांतले निम्मे खुर्चीवर बसलेले आहेत. पण खुर्ची मागायची म्हटलं की आपल्याला राजकारणच आठवतं.

बायकांचं स्वच्छतागृह गोदामाच्या दुसऱ्या टोकाला. मधे रॅकच रॅक. उलटी येतेय हे कळल्यापासून ती प्रत्यक्ष येईपर्यंत निसर्ग जेवढा वेळ देतो, तेवढ्यात वर्ल्ड चॅम्पियनसुद्धा आमच्या टीव्हीच्या खोक्यांपर्यंतच पोचला असता. शिवाय दारात रजिस्टर. नाव, जायची वेळ, यायची वेळ, आणि शेवटचा रकाना : कारण. स्वच्छतागृहात जाण्याचं कारण! मी सुरुवातीला "पाणी प्यायला" लिहायचे. मग बाकीच्या मुलीही तेच लिहायला लागल्या, कारण वरच्या ओळीचं बघून लिहायचं ही आपली शालेय परंपरा आहे. महिन्याच्या शेवटी वरून विचारणा झाली की महिला कर्मचारी पाणी प्यायला स्वच्छतागृहात का जातात.

तोवर इकडे स्कॅनर रिकामा. स्कॅनर थोडा वेळ हलला नाही की स्क्रीनवर तुमच्या नावासमोर "आयडल" असं लाल अक्षरांत उमटायचं. आयुष्यात कधी नव्हे एवढे माझे अवयव कामाला लागले होते. रक्त वाढत होतं, हृदय जास्त धडधडत होतं, आत एका माणसाची बोटं तयार होत होती. स्क्रीनवर मी आयडल.

सुपरवायझर सरांना मी "पित्त" सांगितलं. पित्त सांगण्याचा तोटा असा की महाराष्ट्रात पित्तावर औषध न देता पुढे जाणारा माणूस अजून जन्मला नाही. सर म्हणाले, सकाळी अनशापोटी गार दूध. पॅकिंगच्या ताईंनी आवळासुपारीची डबी दिली. लोडिंगचे भैय्या म्हणाले, "मॅडम, सत्तू." ड्रायव्हर म्हणाला, चहा बंद करा, फोर्कलिफ्टवाला म्हणाला, बंद करू नका, काळा प्या. एका सद्‌गृहस्थाने मला गाठून वमन या पंचकर्माची सगळी कृती सांगितली. पित्त उलटी काढून पाडायचं असतं, आणि ते स्वतःहून पडत नाही म्हणून काढे द्यावे लागतात, असं ते म्हणाले. मी त्यांचं बोलणं अर्ध्यावर सोडून रॅकांच्या दिशेने पळाले. नंतर ते सगळ्यांना सांगत होते की नुसतं ऐकूनच गुण आला.

खरं ओळखलं ते एकट्या गेटवरच्या सिक्युरिटी काकांनी. जळगावकडचे गृहस्थ. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं, आणि पेन हातात देता देता म्हणाले, "ताई, आमच्या मंडळीले बी दोन्ही टायमाला असंच होये. तुम्ही लिहू नका, मी लिहितो." त्या दिवसापासून माझ्या नावापुढे कारणाच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात "ऑफिस काम" असं यायला लागलं. आख्ख्या कंपनीत माझ्या कामाची अशी नोंद घेणारे ते एकटेच.

घरी वेगळी तऱ्हा. आई वाईट नाहीत, पण त्यांच्या पिढीला उलटी हा स्पर्धेचा विषय वाटतो. "मला तर पाणीसुद्धा राहत नव्हतं, तरी आठव्यापर्यंत विहिरीवरून आणत होते." शेजारच्या आगरी काकींनी जिन्यात माझ्याकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला, "पोरगी हाय गो बाय. पोराला एवरा ओकाय नाय होत." सोनोग्राफीच्या दवाखान्यात भिंतीवर ठळक पाटी असते की इथे लिंगनिदान होत नाही, १९९४ चा कायदा आहे, तुरुंग आहे. आमच्या जिन्यात पाटी नाही, त्यामुळे इथे ते फुकट होतं, आणि दर मजल्यावर वेगळं येतं.

"हे सगळं मनाचं असतं" म्हणणारेही भेटले. त्यांच्यासाठी एक बातमी राखून ठेवली आहे. २०२३ च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये संशोधन छापून आलं की या उलट्यांमागे जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आहे. ते मुख्यतः गर्भाकडून आईच्या रक्तात येतं, आणि जिच्या शरीराला त्याची आधीपासून सवय कमी, तिला त्रास जास्त. या संशोधनातल्या एक प्रमुख शास्त्रज्ञ मार्लेना फेझो. १९९९ साली त्यांना स्वतःला गरोदरपणात इतक्या उलट्या झाल्या की हालता येत नव्हतं, आणि त्यांच्या डॉक्टरने तो त्रास खरा मानला नव्हता. त्यांचं ते बाळ राहिलं नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं बाईंनी याच एका प्रश्नामागे घालवली. "मनाचं असतं" याला इतकं सविस्तर उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. आईंना मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे बाळाकडूनच येतं ना? मग आपलंच आहे. आलं चघळ."

मी आलं चघळलं. लिंबू हुंगलं. अंथरुणातून उठायच्या आधी कोरडं बिस्किट खाल्लं. डॉक्टरीणबाईंनी फॉलिक ॲसिड आणि मळमळीच्या गोळ्या दिल्या आणि तीन वाक्यं सांगितली : थोडं थोडं खा, उग्र वासापासून लांब राहा, धक्क्यांचा प्रवास टाळा. मी त्यांना माझं काम आणि कामावर जायचा रस्ता सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "बरं, थोडं थोडं खा."

रस्त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. भिवंडीच्या खड्ड्यांवर इतकं लिहून झालंय की त्या कागदांनी ते बुजले असते. शेअर रिक्षात तिघी मागे, एक पुढे, समोर कंटेनर. रेल्वेने जावं तर आमच्याजवळचं भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर, जिथे गाडी येणं हीच एक घटना असते.

मग मी कायद्याकडे वळले. रात्री मळमळीने झोप लागत नाही, तेव्हा माणूस काहीही वाचतो. तेव्हा लागू असलेला १९६१ चा प्रसूती लाभ कायदा वाचायला बरा आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की गरोदर बाईने विनंती केल्यास तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येणार नाही. मी अंथरुणात उठून बसले. पुढची ओळ वाचली आणि परत आडवी झाले. ही सवलत सुरू होते प्रसूतीच्या तारखेआधी साधारण दहा आठवडे. कायदे करणाऱ्यांनाही उभं राहण्याचा त्रास होतो हे ठाऊक होतं. फक्त त्यांनीसुद्धा पोट दिसायची वाट बघितली.

पण कलम १० सापडलं. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारपणासाठी, बाळंतपणाच्या रजेखेरीज, जास्तीत जास्त एक महिना भरपगारी रजा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतलेली आहे. त्यात "पोट दिसत असल्यास" अशी अट नाही. दाखला मात्र हवा. दाखला द्यायचा म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे दृष्ट. शिवाय आपल्याकडे गरोदरपणात वरिष्ठांपाशी मन मोकळं करणारी सगळ्यात मोठी बाई म्हणजे सीतामाई. तपोवन बघावंसं वाटतं, असं तिने सांगितलं. डोहाळा तत्काळ मंजूर झाला, दुसऱ्याच दिवशी रथ लागला, आणि परत आला तो रिकामा. तेव्हापासून बायका जपूनच सांगतात.

अलीकडचा इतिहासही फार धीर देणारा नाही. एअर इंडियाच्या हवाईसुंदरीने पहिल्या गरोदरपणाला नोकरी सोडायची, असा नियमच होता. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी कोर्टात गेल्या, तेव्हा १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या फॉर्मात बायकांना शेवटच्या पाळीची तारीख भरायला लागायची! प्रोबेशनमध्ये असलेल्या नीरा माथुर यांना, त्यांनी गरोदरपण लपवलं असं म्हणून काढून टाकलं. १९९१ मध्ये न्यायालयाने त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि फॉर्ममधले असले रकाने काढून टाकायला सांगितलं. त्यालाही तीस वर्षं उलटल्यावर स्टेट बँकेने परिपत्रक काढलं की भरतीच्या वेळी तीन महिन्यांहून जास्त गरोदर असलेली उमेदवार "तात्पुरती अपात्र". आरडाओरडा झाला, २०२२ च्या जानेवारीत परिपत्रक मागे घेतलं. या तिन्ही संस्थांचा मुंबईशी जुना घरोबा, आणि मुंबई इलाख्यानेच १९२९ साली कारखान्यातल्या बायकांसाठी देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला होता. त्या विधेयकाच्या बाजूने १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाआधी आईला विसावा मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बाळंतपणाआधी! शंभर वर्षं व्हायला आली, आणि रजिस्टरात आम्ही पाणी पितोय.

तर मी एचआर मॅडमना गाठलं. एचआर मॅडम व्हिडिओ कॉलवर असायच्या. त्यांच्या मागे हिरवीगार झाडं होती, जी त्या मान हलवतील तशी त्यांना थोडी खायची. मी दृष्टीबिष्टी बाजूला ठेवली, सगळं सांगितलं आणि कलम १० म्हटलं. त्या प्रेमाने हसल्या. "वॉव, काँग्रॅट्स! पण डियर, तू आमच्या पेरोलवर नाहीस ना." मी कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर होते. कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुमची जॉइनिंग तर आत्ताची दाखवतंय." खरंच होतं; मधे एकदा कॉन्ट्रॅक्टर बदलला होता, आम्हाला नवा एम्प्लॉयी कोड मिळाला होता, आणि आम्ही त्याच टेबलांसमोर, त्याच चपलांत उभ्या असताना कागदावर पुन्हा जन्म घेतला होता. रजा जुन्या जन्मातल्या होत्या. पूर्वसंचित वगैरे गोष्टी अध्यात्मात पुढे चालतात, पेरोलमध्ये नाही.

आमच्या मजल्यावर पद्मानगरातून राहायला आलेल्या एक तेलुगू अक्का आहेत. त्या मागाच्या कारखान्यात कांड्या भरतात. भरलेल्या कांड्यांवर पैसे. मी माझं कलम, कोड, कॉन्ट्रॅक्टर असं सगळं त्यांना तावातावाने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला रजा असते?" त्यांच्या तिन्ही पोरांच्या वेळी उलटी आली की त्या बाहेर जायच्या आणि कांडी बंद, कांडी बंद की पैसे बंद. त्यांच्याकडे लाल अक्षरं दाखवायला स्क्रीनसुद्धा नव्हता. त्यानंतर अक्कांसमोर मी जरा बेताने तक्रार करते.

शेवटी एका दुपारी परत आलेल्या खोक्यातून सुकट निघाली. आमच्याकडून सुकट गेलीच नव्हती. मागवला होता मिक्सर. कुणीतरी मिक्सर ठेवून घेऊन वजनाला वजन म्हणून सुकट भरून पाठवली होती. तपासणीच्या नियमाप्रमाणे ती हुंगायची होती. मी स्कॅनर टेबलावर ठेवला, टोपी काढली आणि ठरवून टाकलं.

पण राजीनामा देणं इतकं सोपं नसतं. आता तो कागदावर देत नाहीत, पोर्टलवर भरतात. त्यात "सोडण्याचे कारण" असा रकाना, आणि लिहायला जागा नाही, दिलेल्यातून निवडायचं. उच्च शिक्षण. विवाह. स्थलांतर. सेवानिवृत्ती. बेटर अपॉर्च्युनिटी. मृत्यू. (हा पर्याय कोण निवडतं, आणि ओटीपी कुठे जातो, हे विचारायचं राहून गेलं.) वर-खाली सगळं बघितलं. "आजारपण" नव्हतं, "गरोदर" नव्हतं, आणि साधं "इतर"सुद्धा नव्हतं. मिक्सरऐवजी सुकट आली तर तिलाही मी "इतर" देऊ शकत होते. मृत्यूला अजून अवकाश होता, लग्न एकदा झालेलं होतं. मी बेटर अपॉर्च्युनिटीवर बोट ठेवलं.

त्यानंतरचा आठवडा माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मानाचा. सुपरवायझर सरांनी मला स्वतःहून खुर्ची दिली. "बसा ना. कुठे मिळालं? काल्हेरला का?" मी म्हटलं, घराजवळच आहे. "कुठली कंपनी?" घरचीच म्हणायची. "अच्छा, स्टार्टअप!" त्यांनी मान डोलावली. "टायमिंग काय?" चोवीस तास. "म्हणजे रोटेशन असेल. पॅकेज?" मी नुसती हसले. पॅकेजबद्दल हसणाऱ्या माणसाला फार मोठं मिळालेलं असतं, अशी समजूत आहे. सर हळू आवाजात म्हणाले, "पाचशे रुपये वाढवून द्यायला सांगतो. तुमच्यासारखं नाक दुसऱ्या कुणाला नाही."

एचआर मॅडमना मी सगळं सांगितलेलं होतं. तरी एक्झिट इंटरव्ह्यूला त्यांनी स्क्रीनवर बघून वाचलं, "तुम्ही बेटर अपॉर्च्युनिटीसाठी चाललायत हे ऐकून आनंद झाला. आम्ही तुम्हाला थांबवण्यासाठी काय करू शकलो असतो?" मी म्हटलं, खुर्ची. त्यांनी ते टाइप केलं. मला दिसत होतं, त्यांनी "चेअर" असं टाइप केलं, आणि यंत्राने आपोआप सुधारून "करिअर" केलं. पुढचा प्रश्न होता, आमच्याकडचं सगळ्यात जास्त काय आवडलं. मी "सिक्युरिटी" असं सांगितलं. त्यांना वाटलं जॉब सिक्युरिटी. फार खूश झाल्या.

राजीनाम्यानंतरही नोटीस पिरियड पूर्ण करा म्हणाले, नाहीतर "ॲबस्काँडिंग" लागेल, म्हणजे फरार. फरार होऊन मी कुठे जाणार होते? कामतघरात, बादलीजवळ. तेव्हा कलम १० साठी जपून ठेवलेला डॉक्टरीणबाईंचा दाखला मी त्याला जोडला. रजेसाठी जो कागद चालला नव्हता तो नोकरी लगेच सोडण्यासाठी मात्र एका तासात मंजूर झाला.

उलट्या चौथ्या महिन्यात, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, एका सकाळी थांबल्या. सातव्यात झोपाळा आला, धनुष्यबाण आला. गोदामातल्या मुलींनी वर्गणी काढून ऑनलाइन फुलांचा सेट मागवला. तो वेगळ्याच रंगाचा आला आणि त्यांनीच तो परत पाठवला, कोड दोन. झाकलेली वाटी उघडली तर पेढा निघाला, म्हणजे मुलगा. आगरी काकींनी पेढा बघून सांगितलं, "हलवाय चुकलाय." मुलगी झाली.

ती आता भिंत धरून चालते आणि दिसेल ते उघडून हुंगते. माझा फुल अँड फायनलचा हिशोब अजून प्रोसेसमध्ये आहे. मधे मी चौकशीला फोन केला, तर कॉन्ट्रॅक्टर पुन्हा बदलला होता. नव्या मुलाने एम्प्लॉयी कोड विचारला, कीबोर्डवर बराच वेळ टकटक केली आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं स्टेटस इथे आयडल दाखवतंय."